टायफून : वारा घाबरवतो, पाणी घात करते

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उडणारे पत्रे आणि उन्मळून पडलेली झाडे येतात. ते खोटे नाही. परंतु समुद्रावरून येणाऱ्या मोठ्या वादळात माणसांचा सर्वांत मोठा घात वाऱ्याने होत नाही, पाण्याने होतो. फिलिपिन्स या बेटांच्या देशात ८ नोव्हेंबर २०१३ रोजी जे घडले, त्यावरून आम्ही हे लिहीत आहोत.

त्या पहाटे 'हैयान' नावाचे टायफून त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर धडकले. तेथील लोक त्याला 'योलांडा' म्हणतात. वाऱ्याचा वेग जपानच्या हवामान खात्याने ताशी २३० किलोमीटर सांगितला, तर अमेरिकी नौदलाच्या केंद्राने ३१५. यात कोणी खोटे बोलत नव्हते. एक दहा मिनिटांची सरासरी काढतो, दुसरा एका मिनिटाची, एवढाच फरक. सरकारी नोंदीप्रमाणे ६,३०० माणसे मरण पावली आणि हजाराहून अधिक बेपत्ता झाली. सर्वांत जास्त हानी झाली ती लेते बेटावरच्या टाक्लोबान शहरात.

असे वादळ तयार कसे होते? कोणाच्या पापाने नाही आणि कोणा देवाच्या कोपानेही नाही. समुद्राचे पाणी साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर तापले, आणि तेही वरवर नव्हे तर चांगले ४०-५० मीटर खोलीपर्यंत, की त्याची भरपूर वाफ होते. आमच्या भगिनींना ठाऊक आहे की पातेल्यावरचे झाकण उचलताना वाफ लागली तर हात फार वाईट भाजतो. वाफेचे पुन्हा पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते, ती हाताला बसते. आकाशात नेमके हेच होते. वर गेलेल्या वाफेचे ढग बनतात, उष्णता बाहेर पडते, हवा आणखी तापून आणखी वर चढते आणि खाली दाब कमी होतो. ती पोकळी भरायला चारी बाजूंची ओली हवा धावते. तीही वर चढते. समुद्र ऊब पुरवतो तोवर ही भट्टी पेटतच राहते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न येता वळते आणि गरगर फिरू लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण मिळत नाही, म्हणून तिथे पाणी गरम असूनही अशी वादळे सहसा जन्मत नाहीत. वादळ जमिनीवर आले की खालची वाफ तुटते आणि ते विझू लागते.

पश्चिम पॅसिफिक महासागरात अशा वादळाला टायफून म्हणतात, अमेरिकेकडे हरिकेन, आपल्याकडे चक्रीवादळ. जात एकच, नावे तीन. टायफून हा शब्द आणि आपले 'तुफान' यांचे नाते आहे असे भाषेचे जाणकार सांगतात.

आता पाण्याकडे येऊ. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की खालचा समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर उचलला जातो. एरवी दाब १०१० मिलिबारच्या आसपास असतो. हैयानच्या मध्यभागी तो ८९५ पर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. म्हणजे नुसत्या दाबामुळेच मीटरभर पाणी चढणार. पण हा झाला लहान वाटा. मोठा वाटा वाऱ्याचा. तो तासन् तास समुद्राला किनाऱ्याकडे ढकलत राहतो. टाक्लोबान ज्या उपसागराच्या टोकाशी वसले आहे तो उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता आहे. आत ढकललेल्या पाण्याला जायला जागाच राहिली नाही आणि ते पाच मीटरहून उंच होऊन वस्तीवर चढले. किनाऱ्यावरच्या वस्तीत मोठी जहाजे येऊन बसली. मग काठाला लागून लाकूड, प्लायवूड आणि पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या गरिबांचे काय झाले असेल?

आणि सूचना मिळाली नव्हती, असेही नाही. हवामान खात्याने आदल्या दिवशीच सात मीटरपर्यंत पाणी येऊ शकते असे सांगितले होते. पण सांगितले कसे, तर 'स्टॉर्म सर्ज' येणार, असे. टाक्लोबानच्या कष्टकरी माणसाची बोली वाराय. तिच्यात या गोष्टीला रुळलेला शब्द नव्हता. लोकांना वाटले, वादळ येणार, वादळे तर दरवर्षीच येतात. त्सुनामी म्हटले असते तर आम्ही डोंगराकडे पळालो असतो, असे वाचलेल्यांपैकी कित्येकांनी मागाहून सांगितले. बायकामुलांना पाठवून सामानाच्या राखणीसाठी पुरुष घरीच थांबले, ते अनेक घरांतले गेले. आसऱ्यासाठी ठरवलेल्या काही इमारतींतच पाणी शिरले, कारण त्या निवडताना वाऱ्याचा विचार झाला होता, उंचीचा नव्हे. आमच्या मते यात दोष अडाणीपणाचा नाही. ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत न सांगणे ही सांगणाऱ्याची कसूर आहे. त्या देशाने पुढे पाणी किती मीटर चढेल याचे इशारे वेगळे द्यायला सुरुवात केली.

त्याच वादळाच्या वाटेत तुलांग दियोत नावाचे एक चिमुकले बेट होते. वस्ती सुमारे हजार. तेथील वाड्यावाड्यांत आधीपासून लोकांच्या समित्या होत्या. कोणाच्या घरात म्हातारे आहे, कोण गरोदर आहे, होडी कोणाची, हे सर्वांना माहीत होते. आदल्या दिवशी सगळेच्या सगळे शेजारच्या मोठ्या बेटावर गेले. मागे त्यांची घरे भुईसपाट झाली. माणूस एकही गेला नाही.

अशी वादळे आपल्याकडेही येतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा किती घरांची छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा गेल्या ते कोकणातल्या आमच्या वाचकांना सांगायला नको. कोकणच्या माणसाजवळ 'उधाण' हा शब्द आहे, हे त्याचे भाग्य. मात्र अमावास्या-पौर्णिमेचे उधाण वेळेवर येते आणि वेळेवर ओसरते. वादळाचे उधाण तिथी पाहत नाही. भरतीच्या वेळेलाच ते आले तर दोन्हींची बेरीज होते.

तेव्हा समुद्राजवळ किंवा खाडीकाठी राहणाऱ्यांनी आजच एक गोष्ट पाहून ठेवावी. आपल्या घराहून उंच असलेली जवळची पक्की इमारत कोणती, आणि तिकडे जायच्या वाटेत नाला किंवा ओढा लागतो का? हलायला सांगितले की उजेडात, पाऊस वाढायच्या आत निघावे. राखणीला कोणी मागे राहू नये. रेशनकार्ड, जातीचा व शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक, रोजची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावीत. निघताना मेन स्विच आणि गॅस बंद करावा. घर पक्के व उंचावर असेल तर आतच राहावे, खिडकीपासून दूर, मधल्या खोलीत. पिण्याचे पाणी भरून ठेवावे आणि सेलवर चालणारा रेडिओ जवळ असावा, कारण मोबाईलचे टॉवर पडतात.

वारा एकाएकी थांबला, आभाळ उघडले, तर वादळ गेले असे समजू नये. तो वादळाचा 'डोळा' असू शकतो. अर्धा-पाऊण तास शांत जातो आणि मग उलट दिशेने तितकाच जोराचा वारा येतो. मुले अशा वेळी हमखास बाहेर धावतात, त्यांना धरून ठेवावे.

वादळ ओसरल्यावर पडलेल्या तारेला काठीनेही शिवू नये. वाहत्या पाण्यातून जाऊ नये, गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाला पाडते. विहिरीत किंवा टाकीत खारे वा गढूळ पाणी शिरले असेल तर ते पिऊ नये, मिळेल ते चांगले पाणीही उकळून घ्यावे. आणि पत्रे चढवायला लगेच ओल्या छपरावर जाऊ नये. एक दिवस ताडपत्रीखाली काढला तरी चालतो.