तंबाखूचें पिंप आणि टोपीवाल्याचे हात



अमेरिका म्हटली कीं श्रीमंती डोळ्यांपुढें येते. पण १७७६ पूर्वीं तेथील किनाऱ्यावर इंग्रजांच्या वसाहती होत्या, तेव्हां कष्टकऱ्याची गत काय होती तें ऐका.

व्हर्जिनियांत तंबाखू हेंच पीक व तंबाखू हेंच नाणें. कर आणि पाद्र्याचा पगारसुद्धां तंबाखूच्या वजनानें फिटे. १६६० च्या कायद्यानें हा माल इंग्रजी मुलखाबाहेर विकण्यास बंदी. मोठा मळेवाला हजार पौंडांचीं पिंपें लंडनच्या अडत्याकडे पाठवी. भाडें, जकात, अडत कापून पट्टी येई, आणि त्याच वहींतून कापड व खिळे उधारीवर येत. लहान शेतकरी जवळच्या स्कॉटिश दुकानदारास माल घाली व त्याचाच देणेकरी होई. माल एकाचा, वही दुसऱ्याची! जॉर्ज वॉशिंग्टनसारख्या जमीनदारानेंही कंटाळून १७६६ च्या सुमारास तंबाखू सोडून गहूं धरला.

कारागिराचें पहा. तिकडे बीव्हर नांवाच्या प्राण्याची लोंकर मुबलक, म्हणून टोप्या उत्तम होत. लंडनच्या टोपीवाल्यांनीं ओरड केली. १७३२ सालीं कायदा झाला : एका वसाहतींतली टोपी दुसरींत नेऊं नये, दोहोंपेक्षां अधिक उमेदवार ठेवूं नयेत, काळ्या माणसास हा धंदा करूं देऊं नये. १७५० सालीं लोखंडाची पाळी आली. कच्चें लोखंड इंग्लंडास खुशाल पाठवा, पण पोलादाची नवी भट्टी घालूं नका! म्हणजे कच्चा माल तुमचा, कसब आमचें.

याविरुद्ध वसाहतवाले उठले. बायकांनीं जमून सूत कातलें. १७७३ सालीं बोस्टन बंदरांत ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यांत गेल्या. हें सारें खरें. पण तंबाखूच्या मळ्यांत राबत कोण होतें? विकत घेतलेले आफ्रिकेचे गुलाम! लंडनकर आम्हांस लुटतो म्हणून ओरडणारा मळेवाला आपल्या गुलामास दमडीची मजुरी देत नव्हता. स्वातंत्र्य १७७६ सालीं जाहीर झालें. गुलामगिरी कायद्यानें जावयास १८६५ उजाडलें. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें, तें गुलामांस मुक्त केल्याबद्दल.

मी मास्तर माणूस, हिशेबच शिकवितों. म्हणून सांगतों : पोराला व पोरीलाही पट्टी वाचतां येईल इतकें शिकवा. आणि दुसऱ्याच्या वहींतली चोरी शोधतांना आपल्या बांधावरच्या मजुराचा हिशेब आधीं चुकता करा.