बाळंतिणीच्या डोक्यावरचं छप्पर

परवा एका परिसंवादात एका विद्वान वक्त्यांनी इंटरसेक्शनॅलिटीला, म्हणजे लिंग, जात, वंश यांचे अन्याय एकमेकांत मिसळून येतात या कल्पनेला, झोडपून काढलं. ही कल्पना परदेशी आहे, तिच्यामुळे चळवळ फुटते आणि ती व्यवहारात उतरत नाही, असे त्यांचे तीन आक्षेप. बाई ती बाई, तिला जात कशाला चिकटवता, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मला सर्वांत झोंबला तो ‘परदेशी’ हा शब्द. संज्ञा अमेरिकेतली आहे, कबूल. तिथल्या कायदेतज्ज्ञ किम्बर्ले क्रेनशॉ यांनी ती 1989 मध्ये मांडली. त्यांच्यासमोर जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्याचा 1976 चा निकाल होता. 1964 पूर्वी कंपनीने एकही कृष्णवर्णीय बाई घेतली नव्हती. मंदीत शेवटी लागलेल्यांना आधी काढलं, तेव्हा 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायकांची नोकरी गेली. न्यायालय म्हणालं, कंपनीत बायका आहेतच, मग लिंगभेद कुठला? त्या बायका गोऱ्या होत्या. वंश आणि लिंग एकत्र धरून दाद मागू द्यायला न्यायालयाने नकार दिला.

पण दुःखाला पासपोर्ट लागत नाही. क्रेनशॉ यांच्या 134 वर्षं आधी, 1855 मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. पेशवाईतल्या जुलमाबरोबर तिने आपल्या बायकांचं बाळंतपणही मांडलं. घरावर छप्पर नाही, वर थंडी-पाऊस. बाळंतपण ब्राह्मणाच्या घरीही होतं, पण छपराखाली. उघडं घर मांग पुरुषाच्याही वाट्याला होतं, पण तो बाळंत होत नव्हता. आता या बाळंतिणीचं दुःख बाईपणाचं किती आणि जातीचं किती, हे वक्त्यांनी वेगळं काढून दाखवावं.

चळवळ फुटते म्हणता? ज्यांना कधी आत घेतलंच नाही, त्या बोलल्या म्हणून काही फुटत नाही. संसदेतल्या महिला आरक्षणावरही ‘आधी बाई, मग जात’ हा वाद आम्ही वर्षानुवर्षं ऐकला.

व्यवहारात उतरत नाही म्हणता? 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतच किमान एक तृतीयांश जागा त्यांच्या स्त्रियांना दिल्या.

माझं मागणं एवढंच. योजना आखताना, तक्रार नोंदवताना, निकाल देताना बाईची जात, गरिबी, अपंगत्व एकत्र वाचा. आणि मुक्ताचा निबंध प्रत्येक शाळेत शिकवा. तो वाचलेला माणूस ‘बाई ती बाई’ म्हणण्याआधी तिच्या डोक्यावर छप्पर आहे का, हे बघेल.