गिटार घरात, तबला कुठे?

मागच्या वर्षी काकांची हवाईयन गिटार मी स्नेहसंमेलनाच्या तालमीला घेऊन आले, तेव्हा वर्गातल्या एकाने ती उचलून पाहिली आणि विचारले, "हिलाच स्टील गिटार म्हणतात ना? मग ही लाकडाची कशी?" प्रश्न रास्त होता. स्टील म्हणजे गिटार नव्हे. वाजवणाऱ्याच्या डाव्या हातातला पोलादी तुकडा, ज्याला वादक 'बार' म्हणतात, तो स्टीलचा. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि हा गुळगुळीत बार तारांवरून सरकवायचा. पडद्यावर बोट दाबणे हा प्रकारच नाही. पट्टीवरच्या रेघा नुसत्या खुणेपुरत्या असतात. बार केसभर पुढे गेला की स्वर चढतो, केसभर मागे राहिला की उतरतो. म्हणजे आधार कशाचाच नाही, कानाचा तेवढा.

पण याच निराधारपणामुळे हे परदेशी वाद्य आपल्या संगीतात घरच्यासारखे वावरले. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे एक मोठा आक्षेप असा होता की या पेटीतून मींड निघत नाही. गिटारवाल्यांना हे दूषण कोणी देऊ शकत नाही. मींड हाच तिचा प्राण. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली असे सांगतात. टाऊ मो नावाचा कलावंत १९४०च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला आणि तिथे हे वाद्य रुजले. पुढे मुंबईत व्हॅन शिप्ले, कोलकात्यात सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या चाली गिटारवर वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी तर हे वाद्य रागसंगीताच्या बैठकीत नेऊन बसवले. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेकांनी ऐकली असेल. तिच्यातले संतूर शिवकुमार शर्मांचे आणि बासरी हरिप्रसाद चौरसियांची, हे सगळे सांगतात. गिटार काबरांची, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. गिटारवाल्याच्या नशिबी हे असेच!

आमचे काका काही काबरा नव्हेत. ते ऑर्केस्ट्रात वाजवत. नांदेड, परभणी, लातूर या भागात गणपतीत आणि लग्नसराईत जे ऑर्केस्ट्रे फिरत, त्यांतल्या एकात त्यांची गिटार होती. मग कीबोर्ड आला. एका कीबोर्डवाल्यात चार वादक मावू लागले, आणि त्या चारांत काका होते. त्यांनी गिटार कपाटावर ठेवली आणि विष्णुपुरीत पिठाची गिरणी चालवली. आता गिरणी मुलाकडे दिली आहे आणि गिटार पुन्हा मांडीवर आली आहे. ऐकायला मी एकटी. म्हणून मी ठरवले, की हे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे.

इथे एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. घरी ध्वनिमुद्रण करायला विजेवरच्या स्टील गिटारइतके सोयीचे वाद्य क्वचितच सापडेल. बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ही मांडीवरची स्टील गिटारच होती. जॉर्ज बोशाँ या हवाईयन गिटारवादकाने ती घडवली, आणि रिकनबॅकर यांच्या कंपनीने १९३२ साली ती विकायला काढली. आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत, म्हणजे आपला तळायचा तवा. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच वायरीतून पुढे जाते. हवेतला आवाज तिला ऐकूच येत नाही. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होवोत, लातूर रस्त्यावरून ट्रक जावोत, पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडताना भोंगा वाजो, काकांच्या ध्वनिमुद्रणात यातले काही येत नाही. सतारवाल्याला किंवा गाणाऱ्याला हे सुख नाही. त्याला माईक लागतो, आणि माईक सगळ्या गल्लीचे ऐकतो.

गल्लीचा आवाज येत नाही, पण घरातली वीज येते. पहिल्या दिवशी गिटार साउंड कार्डाला जोडली तर आत एक अखंड घूंऽऽ. आपल्या विजेची कंपने सेकंदाला ५०. ती आणि त्यांची दुप्पट अशी मिळून ही घरघर ऐकू येते. काका म्हणाले, "तंबोरा कुणी लावून ठेवला हा? लावलाय तो बी बेसूर." घरातल्या प्लगला अर्थिंगच नव्हते. वायरमनकडून अर्थिंग करून घेतले, ट्यूबलाइट बंद केली, लॅपटॉपची चार्जिंगची वायर काढून तो बॅटरीवर चालवला, आणि गिटारसह काकांना खोलीत थोडे थोडे फिरवत नेले. दाराजवळ तोंड पूर्वेला करून बसले की घूं जवळजवळ नाहीशी होते. त्या जागेवर मी खडूने खूण करून ठेवली आहे. काकू रोज पुसते, मी रोज करते.

इथवर सगळे मजेचे. आता तक्रार.

सुरांचे झाले, तालाचे काय? हल्ली मोबाइलमध्ये तबला मिळतो. ताल निवडा, लय निवडा, पट्टी निवडा, तंबोराही त्यातच. मी तो लावला. काकांनी एक जुनी धून वाजवली, छान वाजवली. रात्री मी ती ऐकत होते. मधे एक जागा आली. काकांनी एक तुकडा घेतला, समेवर येऊन टेकवला, आणि पुढे काहीच नाही. दोन आवर्तने गिटार गप्प. खाली मोबाइलचा ठेका ठरल्याप्रमाणे चालू. मला वाटले, काका विसरले. सकाळी विचारले तर म्हणाले, "विसरलो नाही गं. तिथं तबल्यानं उत्तर द्यायचं असतं. त्याची वाट पाहायलो होतो."

तो रिकामा भाग कापून टाकणे दोन मिनिटांचे काम होते. मी कापला, जोडला, आणि जोड कुठे आहे हे कोणालाही कळले नसते. मलाच कळत होते. घरच्या ध्वनिमुद्रणाची आपली सगळी तयारी अशी एकट्या माणसासाठी असते, ही माझी तक्रार आहे. माईक कोणता, साउंड कार्ड कोणते, भिंतीला काय लावावे, यांवर मित्रमंडळी तासन्‌तास बोलतात. आम्ही भिंतीला दोन वाकळी टांगल्या, त्यांनी खोलीचा घुमारा बराच कमी झाला. पण खोलीत दुसरा माणूस कोण, हा प्रश्न कोणी काढत नाही.

एकट्याने ध्वनिमुद्रण करण्याची परंपरा मोठी आहे, हे मला मान्य आहे. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक थर चढवत गिटारचे आठ आवाज स्वतःच वाजवले. १९४८ साली ती तबकडी निघाली आणि लोक थक्क झाले. आजचा प्रत्येक घरगुती स्टुडिओ त्या गॅरेजचा वंशज आहे. पण ते संगीत आधी लिहिता येणारे, थरांनी रचता येणारे होते. आपले तसे नाही. आपल्या गिटारचे दुसरे उदाहरण पाहा. १९९२ साली विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर हे दोन सरकत्या गिटारचे वादक कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथल्या एका प्रार्थनामंदिरात बसले. दोघांची पहिली भेट त्याआधी तासाभराच्या आतली. तबल्यावर सुखविंदर सिंग, आणि कूडरचा किशोरवयीन मुलगाही तालवाद्य घेऊन. समोरासमोर बसून वाजवले, मागून थर चढवले नाहीत. त्याच 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. गॅरेज आणि प्रार्थनामंदिर यांत आपण गॅरेजची नक्कल करत आहोत, आणि आपला तबलजी बाहेर रिक्षा चालवतो आहे.

हे शब्दशः खरे आहे. काकांच्या ऑर्केस्ट्रात तबला आणि ढोलकी वाजवणारे चाचा आता नांदेड ते विष्णुपुरी ऑटो चालवतात. मी त्यांच्याच ऑटोने महाविद्यालयात येत होते आणि मला ते माहीत नव्हते! काकांनी निरोप दिला. चाचा म्हणाले, "येतो की. पण धंदा झाल्यावर. रात्री दहाच्या पुढं." आले तेव्हा त्यांच्या तबल्याला शाई होती, पण वाद्या सैल पडलेल्या. हातोडीने ठोकून सूर लावण्यातच पाऊण तास गेला.

आता यातली युक्ती पाहा, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. एका लहान खोलीत दोन वाद्ये वाजली की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो, मग दोन्ही वेगवेगळी धरता येत नाहीत. म्हणून लोक एकेकटे वाजवतात. पण आपली गिटार वायरीतून जाते, तिला माईक नाहीच! माईक एकटा तबल्यापुढे. गिटारसाठी छोटा स्पीकर लावला असता तर तोच माईकमध्ये शिरला असता. तो लावलाच नाही. दोघांनी हेडफोनवर ऐकायचे. एकाच खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून दोन माणसे बसली आणि दोन्ही आवाज वेगवेगळे, स्वच्छ आले. ज्या वाद्याच्या बाबतीत एकटे बसण्याची सक्ती मुळीच नाही, त्याच वाद्याचे लोक एकटे बसतात, हे मला पटत नाही.

अडचणी आल्याच. चाचांनी हेडफोन दोन्ही कानांवर घ्यायचे नाकारले. "माझाच तबला मला लांबून ऐकू यायलाय," म्हणाले. मग एक कान उघडा. गिटार संगणकातून फिरून कानापर्यंत येते तोवर किंचित उशीर होतो. साउंड कार्डावर थेट ऐकण्याचे बटण असते, ते सापडेपर्यंत दोघे एकमेकांना दोष देत होते. तबल्याचा माईक गल्ली ऐकतोच, त्यामुळे एका जागी कुत्रे भुंकले आहे. दोघांची लय मोबाइलसारखी सरळ नाही. शेवटाकडे चढली आहे. पण ती जागा आली, काकांनी तुकडा टाकला, चाचांनी उत्तर दिले आणि काका हसले. हसण्याचा आवाज तबल्याच्या माईकमध्ये बारीक आला आहे. तो मी कापलेला नाही.

आमच्या एका सरांचे म्हणणे असे, की हा हौशी उद्योग आहे. ध्वनिमुद्रण स्टुडिओतच व्हावे. सरांविषयी आदर बाळगून म्हणते, की १९०२ साली गाइसबर्ग नावाच्या साहेबाने गौहर जानचे गाणे यंत्रात धरले ते कोलकात्यात हॉटेलच्या खोल्यांत थाटलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत. दुसरी बाजू मित्रांची: रोज रात्री तबलजी कुठून आणायचा? रियाजाला मोबाइलचा ठेका वापरा ना. स्वतःचे वाजवणे ऐकायला यंत्रासारखा निर्दय गुरू नाही. बिनपडद्याच्या वाद्यात तर त्याची गरज अधिकच. माझे म्हणणे फक्त जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणाविषयी आहे. आणि हो, बेसूर स्वर आपोआप ओढून जागेवर बसवणारी जी सोय संगणकात असते, तिला या वाद्यापासून दूर ठेवा. मींड आणि चूक यांतला फरक तिला कळत नाही.

महाविद्यालयाकडे एक मागणी आहे. साउंड कार्ड, एक बरा माईक, दोन हेडफोन आणि लांब वायर एवढे साहित्य ग्रंथालयाच्या एका कपाटात ठेवावे आणि पुस्तकासारखे आठवड्याच्या बोलीने द्यावे. स्नेहसंमेलनात एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर आपण जे उधळतो त्यात हे बसावे. अट एकच घालावी: नाव दोघांचे लिहावे लागेल. एकट्याला मिळणार नाही.

त्याच कपाटात एक चांगला कॅसेट प्लेअरही हवा. काकांच्या पेटीत अकरा कॅसेटी निघाल्या. दोहोंच्या फितीवर बुरशी धरली आहे. बाकीच्या मी प्लेअरचे हेड पुसून, एकेक करून संगणकात उतरवून घेत आहे. तिसऱ्या कॅसेटच्या वेळी चाचा बसले होते. गणपतीतला कुठलासा कार्यक्रम, मंचाच्या कडेला सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर ठेवून केलेला. गिटार ऐन रंगात असताना एकदम बंद पडते, स्पीकरही बंद, लोकांचा गलका होतो. मी म्हटले, कॅसेट खराब दिसते. "खराब नाही," चाचा म्हणाले, "लाइट गेली."

आणि खरेच, गलक्याखाली कान दिला तर नुसता तबला ऐकू येतो, लांबून, पण धरून ठेवलेला. मी घड्याळ लावून मोजले: एक मिनिट चाळीस सेकंद. मग स्पीकर खरखरतात, लोक ओरडतात, आणि गिटार मधूनच उठून समेवर येते.