नदीवरील पहिली गरी : कोणती घ्यावी व कोठें टाकावी

धानाची मळणी उरकून कोठ्या भरल्या, म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. या दिवसांत वैनगंगेच्या, चुलबंदच्या व बावनथडीच्या कांठीं गरी घेऊन बसण्याची आवड आपल्या तरुण मंडळींत वाढत चालली आहे. तिला माझा विरोध नाहीं. पाण्याकडे शांतपणें पाहत बसणें हें चावडीवर निरर्थक वेळ दवडण्यापेक्षां केव्हांहि बरें. परंतु पहिली गरी घेतांना जी उधळपट्टी व जो अविचार दृष्टीस पडतो, त्याविषयीं चार शब्द लिहिणें मला अवश्य वाटतें.

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगतों. मागील वर्षीं माझ्या पुतण्यानें साडेतीन हजार रुपये मोजून कार्बनची, एकांत एक सरकणारी काठी आणली. पवनीच्या वरच्या अंगास एका डोहावर आम्ही गेलों. तिसऱ्या दिवशीं चांगला रोहू लागला. पोरानें जोरानें हिसका दिला, आणि काठी दुसऱ्या सांध्याशीं कडकन् मोडली. युरियाच्या गोणीचा भाव 266 रुपयांच्या घरांत आहे. म्हणजे सुमारें तेरा गोण्यांचें मोल एका हिसक्यांत पाण्यांत गेलें. दोष केवळ काठीचा नव्हता. नवशिक्याचा हात जड असतो, आणि कार्बनची काठी हलकी व संवेदनशील असली तरी खडकावर आपटणें किंवा आडवा ताण पडणें तिला सोसत नाहीं.

माझें मत असें, कीं पहिली गरी वेळूचीच असावी. आपल्या भागांतील भरीव वेळू यास उत्तम. दहा ते बारा हात नव्हे, दहा ते बारा फूट लांबीची, बुडाशीं अंगठ्याएवढी व शेंड्याकडे निमुळती काठी पाहावी. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यांत तोडावी. त्या वेळीं वेळूंत पिठूळ अंश कमी असल्यामुळें तिला कीड लवकर लागत नाहीं. ती सावलींत महिनाभर वाळवावी, वांकडी असल्यास मंद विस्तवावर शेकून सरळ करावी व वरून जवसाचें तेल चोळावें. नायलॉनचा दोरा, दोन-तीन आंकडे, शिशाचा लहान तुकडा व तरंगण्यास मोरपिसाची नळी, एवढ्यानें काम भागतें. सर्व मिळून शंभर-दीडशें रुपयांहून अधिक खर्च येऊं नये. दोन किलोच्या माशासाठीं चार-पांच किलोंचा ताण सोसणारा दोरा पुरेसा आहे. जाड दोरा मासा बिचकवितो.

ज्यास दूरवर फेंकावयाचें आहे, त्यास चाकीची काठी लागेल. त्यानें कांचतंतूची, सात-आठ फुटांची, दोनच तुकड्यांची काठी घ्यावी. चाकीसह ती हजार-बाराशें रुपयांत मिळते. ती कार्बनहून जड खरी, पण वांकते व सहजासहजीं मोडत नाहीं. दुकानांत तीन परीक्षा कराव्या. काठी डोळ्याशीं धरून सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. प्रत्येक कडींतून कापूस फिरवावा. तंतू अडकले, तर कडी तडकलेली आहे व ती दोरा कापील. शेवटीं शेंडा हलकेच दाबून बांक सारखा पडतो कीं एकाच ठिकाणीं मोडल्यासारखा होतो, हें पाहावें. रंग व चकाकी यांवर भुलूं नये.

आतां याहून गंभीर गोष्ट. कार्बन हा विजेचा वाहक आहे. आपल्या शेतांवरून पंपांच्या तारा गेलेल्या आहेत, व नदीकडे जाणाऱ्या पायवाटा बहुधा त्यांच्याच खालून जातात. तोच पुतण्या लांब काठी उभी धरून बांधावरून चालला असतां मागून येणाऱ्या एका वृद्ध ढीवर गृहस्थांनीं ओरडून म्हटलें, "बाबूजी, पोराला काठी आडवी धरायला सांगा!" वर अकरा हजार व्होल्टची तार होती. त्या हांकेचें मोल साडेतीन हजारांत होणार नाहीं. ओला वेळू किंवा ओला दोराहि वीज वाहतो. म्हणून तारांखालीं कोणतीहि काठी उभी धरूं नये.

राहिला प्रश्न गरी कोठें टाकावी याचा. मालगुजारीच्या काळीं बांधलेले आपले तलाव 1951 सालीं मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. त्यांतील मासेमारीचे ठेके ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थांस दिले जातात. ते पैसे भरून बीज सोडतात व वर्षभर राखण करतात. वाजिब-उल-अर्जांत वाटेचे, पाण्याचे व मासेमारीचे रूढ हक्क नोंदविण्याची तरतूद 1966 च्या जमीन महसूल संहितेंतहि आहे. हे कागद मीं नोकरींत कित्येकदां चाळले आहेत. आपलें शेत तलावाच्या पाण्यानें भिजतें, म्हणून त्यांतील मासा आपला होत नाहीं. ठेक्याच्या पाण्यांत संस्थेस विचारल्यावांचून गरी टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यांतून धान उचलणें होय. गोसीखुर्दच्या जलाशयावरहि प्रथम चौकशी करावी. 1988 सालीं पायाभरणी झालेल्या त्या धरणानें कित्येकांची शेतें, तशीच ढिवरांची जुनीं पात्रेंहि बुडविलीं, हें विसरूं नये.

कांहीं तरुण गरीचा कंटाळा येऊन पाण्यांत विजेची तार किंवा विषारी औषध सोडतात. विष व स्फोटकें यांनीं मासे मारणें 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. विजेनें तर मारणाराच मरतो. दोन्हींनीं पिलांचाहि नाश होतो. पावसाळ्याच्या आरंभीं रोहू, कटला अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत गरी खुंटीस टांगून ठेवावी. तसेंच नागपूरचें सांडपाणी नाग व कन्हान नद्यांतून वैनगंगेस येतें. जेथें पाण्यास घाण येते, तेथील मासा घरीं आणूं नये.

वेळूची काठी सहा महिने वापरावी. हात हलका झाला व हौस टिकली, तर पुढें खुशाल महाग काठी घ्यावी. न टिकल्यास तीच काठी परसांतील वेलास आधार देईल. गेले ते शंभर रुपयेच. आपली हौस कर्जावर व दुसऱ्याच्या भाकरीवर उभी नसावी, एवढीच या निवृत्त कारकुनाची शेतकरी बंधूंस विनंती आहे.