गाण्याच्या दुकानाचा इतिहास कोण लिहिणार?

आमच्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आले ते लढाईमुळे. १७२४ साली निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची येथे गाठ पडली, निजाम जिंकला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. आम्ही गावकरी हे अभिमानाने सांगतो. लढायांचा इतिहास लिहिला जातो, राजघराण्यांचा लिहिला जातो; परंतु ज्या दुकानातून पिढ्यानपिढ्या माणसे गाणे घेऊन घरी गेली, त्याचा इतिहास कोण लिहिणार? दुकानाला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. मला मात्र वाटते की तो असतो, आणि ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली गेली आहे अशा आपल्यासारख्यांनी तर तो अवश्य जाणून घ्यावा.

मुंबईत काळा घोडा भागात, जहांगीर कलादालनाच्या समोर, ‘रिदम हाऊस’ नावाचे दुकान होते. १९४० च्या दशकात ते सुरू झाले आणि २०१६ साली बंद झाले. एवढ्या काळात गाण्याने किती रूपे बदलली! आधी मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी होती. तिच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मग लाँगप्ले आली, कॅसेट आली, सीडी आली. दुकानाने प्रत्येक रूपाला आपल्या फळीवर जागा दिली. तेथे लहान लहान कक्ष होते. गिऱ्हाइकाने तबकडी आधी ऐकावी, आवडली तर घ्यावी. शास्त्रीय गायन, गझल, चित्रपटगीते, पाश्चात्त्य संगीत, सारे एका छपराखाली. गल्ल्यामागचा माणूस जाणकार असला म्हणजे एक मागायला आलेला मनुष्य दुसरेही काही ऐकून जाई. ज्याला शाळेत संगीत शिकायला मिळाले नाही, त्याची ती शाळाच नव्हती काय?

पुढे नकली माल वाढला, गाणे इंटरनेटवर फुकट मिळू लागले आणि दुकान मिटले. २०१७ साली ती जागा हिरेव्यापारी नीरव मोदीच्या कंपनीने घेतली; बँक घोटाळा उघडकीस आल्यावर २०१८ मध्ये तिच्यावर जप्ती आली; २०२४ मध्ये सुमारे ४८ कोटी रुपयांना ती विकली गेल्याच्या बातम्या आल्या. जागेची किंमत कोटीत मोजता आली. तेथे जे ऐकवले गेले, त्याची किंमत कोण मोजणार?

तरीही केवळ हळहळण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. खरे बोलायचे तर त्या दुकानाच्या दारातून आत पाऊल टाकण्याचे धैर्य मला झाले असते का, याची शंकाच आहे. कापूस-सोयाबीनच्या पैशात तबकडी बसत नाही. आमच्या भागात रेकॉर्ड ऐकली जाई ती लग्नातल्या लाउडस्पीकरवर. लाउडस्पीकरवाल्याची पेटी हेच खेड्याचे रेकॉर्डचे दुकान. पुढे कॅसेट भरून देणारे आले. माझ्या लहानपणी मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्डात गाणी भरून मिळत. पण तेथे मुलीने उभे राहायचे नाही, असा अलिखित नियम. काय भरायचे ते दादा ठरवणार आणि तेच आम्ही सगळ्यांनी ऐकायचे. आज माझ्या हातात फोन आहे, मला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिसळता येत नाही.

परंतु फोनचेही एक मर्म ओळखले पाहिजे. काल जे ऐकले, त्याच्यासारखेच तो आज पुढे करतो. मागितले तर सारे देतो. पण काय मागावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने काय करावे? सुशिक्षित घरातल्या मुलांना आजोबा सांगतात, आई सांगते. आमच्या घरी सांगणारे कोणी नाही.

उदाहरण आमच्या शेजारचेच घ्या. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३० च्या दशकात तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या काळातली ती गाजलेली ध्वनिमुद्रिका. पुढे १९३८ पासून जोशी एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. ‘शीळ’ हा संग्रह मात्र पुस्तकरूपाने आला १९५४ साली! म्हणजे आमच्या मुलखातली कविता पुस्तकाआधी कितीतरी वर्षे तबकडीने महाराष्ट्रभर नेली. ती तबकडी कोणीतरी दुकानात मांडली असेल, कोणीतरी ‘ही ऐकून पाहा’ म्हटले असेल, तेव्हाच ना? मेहकर आमच्या गावाहून जवळ. तरी हे गाणे मला फोनने कधी सुचवले नाही. वर्गात सरांनी नाव घेतले, तेव्हा ते मी शोधले आणि मिळालेही. गाणे फोनमध्येच होते. नव्हता तो सांगणारा.

तेव्हा रिदम हाऊसच्या इतिहासातून घ्यायचे ते हेच. दुकान परत येणार नाही आणि आणण्याची गरजही नाही. त्यातला ऐकवणारा माणूस आणि ऐकण्याची जागा मात्र आपण परत आणू शकतो. आपल्या ग्रंथालयात आठवड्यातून एक दुपार श्रवणासाठी राखून ठेवावी. एक टेबल, एक ध्वनिवर्धक एवढे पुरे. प्रत्येक वेळी कोणी प्राध्यापकाने, विद्यार्थ्याने अथवा गावातल्या एखाद्या जुन्या लाउडस्पीकरवाल्या काकांनी तीन गाणी ऐकवावीत आणि ती कोणी लिहिली, कोणी गायिली, कशी गाजली ते सांगावे. काकांच्या आठवणी आपण वहीत उतरवून घ्याव्यात; आणखी दहा वर्षांनी त्या सांगायला कोण असेल?

पुस्तक मागण्यासाठी पुस्तकाचे नाव ठाऊक असावे लागते आणि गाणे मागण्यासाठी गाण्याचे. ते नाव सांगणे हेच शिक्षणाचे काम आहे. मुंबईत एका दुकानाने ते अनेक वर्षे केले. आपल्या महाविद्यालयाला ते आठवड्यातून एक दुपार करणे जड जाऊ नये.