फिटच्या गोळीचा सल्ला गरोदरपणाआधीच हवा

गरोदर बाईचे नाव आशाताईंच्या वहीत चढते ते पाळी चुकल्यानंतरच. पण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. फिटची गोळी बदलायची चर्चा त्यानंतर काढून उपयोग थोडाच. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध घेणाऱ्या मातांच्या १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत मोठा जन्मदोष आढळतो. एरवी हे प्रमाण २ ते ३ असते. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या औषधांचा धोका बराच कमी आहे.

धोका सांगितला तर बाया घाबरून गोळ्याच सोडतील, हा आक्षेप रास्त आहे. गोळी अचानक थांबवली तर झटके वाढून आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. म्हणूनच गोळी मनाने बंद करू नये, हे त्याच वेळी सांगायला हवे. काहींना व्हॅल्प्रोएटच लागू पडते, हेही खरे. पण तो निर्णय त्या स्त्रीला सगळे समजावूनच व्हावा. नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांनी फिटवर उपचार घेणाऱ्या प्रत्येक तरुणीला लग्नाआधीच हा सल्ला आणि फॉलिक ॲसिड द्यावे. तो तिचा हक्क आहे.