पाण्यातला पावागड

गेल्या महिन्यात घरातला एक जुना फोटो दुरुस्तीला दिला होता. तो परत आल्यावर जे मनात आलं ते इथे मांडतो. पटलं नाही तर मोकळेपणाने सांगा.

१९७८ साली बँकेने माझी बदली बडोद्याहून हालोलला केली. तिथून चांपानेर जवळच, आणि चांपानेरला वडा तलाव. थंडीत सकाळी लवकर काठावर उभं राहिलं की अख्खा पावागड पाण्यात उतरलेला दिसतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एका रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. माझ्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता, आपल्या बडोद्यातच बनायचा तो. एका रोलमध्ये १२ फोटो, त्यामुळे बटण दाबताना हात आखडता.

"हलू नकोस" म्हणून मी बटण दाबलं आणि नेमकं त्याच वेळी हिने पाण्यात हात घातला. वरचा गड जागच्या जागी, पाण्यातला मात्र एका बाजूने मोडलेला! मी चिडलो, फोटो वाया गेला म्हणालो. ती हसून म्हणाली, "खरा गड आहे ना जागेवर? मग झालं तर."

ती जाऊन आता ६ वर्षं झाली. फोटो पिवळा पडला, म्हणून स्टुडिओत दिला. परत आला तो चकाचक. लाटा गायब, वरचा गड उलटा करून खाली चिकटवलेला, आणि तिचा हात जणू आरशावर ठेवलेला. तिथला मुलगा कौतुकाने म्हणाला, "काका, पाणी हलतुं हतुं, सरखुं करी आप्युं." त्याला काय बोलणार? मीच आधी सांगायला हवं होतं.

पण मला वाटतं, यात आपली मोठी गल्लत होते आहे. आयुष्य बँकेत गेलं. पहिल्याच बेरजेला पैशापैशाने जुळलेली कीर्द दिसली की आम्ही पुन्हा एकदा पानं चाळायचो. फोटोचंही तेच. प्रतिबिंब म्हणजे डोंगराची उलटी नक्कल नव्हे. काही उजेड पाण्यात शिरतो, सगळा परत येत नाही, म्हणून पाण्यातला डोंगर थोडा काळपट दिसतो. शिवाय आपला डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच खाली असता तर डोंगर जसा दिसेल, तसा तो पाण्यात दिसतो. म्हणून काठावरची झाडं पाण्यात त्याचा जास्त भाग झाकतात. मोबाइलने घडी घालून केलेलं प्रतिबिंब इथेच पकडलं जातं.

नातवंडांना मी सांगतो, खरा फोटो हवा तर उजाडताना जा. ऊन चढून जमीन तापली की वारा सुटतो. कॅमेरा पाण्याच्या जवळ आणा, नजर जितकी तिरकी तितकं प्रतिबिंब ठळक. फोकस पाण्यावर नको, डोंगरावर ठेवा. पाणी हललं तर थांबा. पण हललेलं पाणीही एकदा टिपून ठेवा.

कुणी म्हणेल, काका, एका फोटोवरून एवढं कशाला? दिवाणखान्यात लावायचा असेल तर खुशाल सजवा. पण घरच्या अल्बममधला फोटो हा दस्तऐवज आहे. पावागडावर कालिकामातेच्या मंदिराला २०२२ साली नवं शिखर झालं. माझ्या फोटोत माथा जुना आहे. उद्या कुणी 'सुधारणा' म्हणून तिथे नवं शिखर बसवलं, तर पुढच्या पिढीला १९७८चा गड दिसणार कसा? आपण इथे जुन्या आठवणी लिहितो तेव्हाही हा मोह होतोच, सगळं कसं गोड आणि गुळगुळीत! भांडणं, चुका, हललेलं पाणी, तेही राहू द्यावं.

नशिबाने मूळ फोटो स्टुडिओतून परत मिळाला होता. तोच फ्रेम करून घेतला, पिवळा तर पिवळा. तुम्हीही फोटो दुरुस्तीला द्याल तेव्हा पाकिटावर एवढं लिहून द्या: फक्त डाग काढा, बाकी कशाला हात लावू नका. आणि मूळ प्रत विसरू नका, मागून घ्या.